टाकीवरचे नाव आणि क्रँककेसवरचा ठसा

१/
जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक गृहीतक कायम असते: टाकीवर जे नाव, तीच गाडी. हे गृहीतक चुकीचे आहे. इतकेच नव्हे, तर गेली काही दशके त्याने साध्या, कामकरी गाड्यांचा बळी घेतला आहे. हा धागा त्या गृहीतकाविरुद्ध आहे. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
टाकी काही बोल्ट सैल केले की निघते. तिच्यावरचा बिल्ला दोन स्क्रूंवर बसतो. इंजिनाच्या क्रँककेसवर आणि फ्रेमवर ठोकलेला ठसा मात्र धातूत असतो. नाव ठेवीत असे विक्री विभाग, ठसा मारीत असे कारखाना. एकाला गिऱ्हाईक मिळवायचे होते, दुसऱ्याला सुटे भाग कोणते पाठवायचे हे कळायला हवे होते. दोघांपैकी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे खरे तर सांगावे लागू नये.

३/
प्रारंभ ‘विंटेज’ या शब्दापासूनच करू. इंग्लंडमध्ये १९४६ साली व्हिंटेज मोटार सायकल क्लब स्थापन झाला, तेव्हा १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांसाठीच तो होता. त्या परंपरेत १९१५ पूर्वीची गाडी ‘व्हेटरन’, १९१५ ते १९३० ची ‘विंटेज’ आणि त्यानंतरची ‘पोस्ट-विंटेज’. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली बीएसए विंटेज नाही, आणि साठच्या दशकातली बॉनव्हिल तर मुळीच नाही.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले, मूळ रूपातले वाहन विंटेज ठरते व त्याला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरपट्टी मिळते. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु विक्रीच्या जाहिरातीत ‘विंटेज’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की विकणाऱ्याला चार पैसे जास्त हवे आहेत.

४/
आता नावांकडे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास ब्रिटिश गाड्यांना मॉडेलचे नाव क्वचितच असे. ‘साडेतीन हॉर्सपॉवरची ट्रायम्फ’ म्हटले की भागत असे. ही अश्वशक्ती नाममात्र, हिशेबापुरती होती. पावणेतीन म्हणजे साधारण ३५० सीसी, साडेतीन म्हणजे ५०० सीसी. प्रत्यक्षात इंजिन त्याहून बरीच अधिक शक्ती देत असे. आजचा वाचक तो आकडा खरा धरतो आणि ‘तेव्हाच्या गाड्या किती दुबळ्या’ म्हणून हळहळतो.

५/
याच हिशेबातून आलेले एक नाव अजून लोकांना चकवते: नॉर्टनची ‘बिग फोर’. हिच्यात चार सिलिंडर नाहीत, एकच आहे. आणि तोही भलाथोरला, दीर्घकाळ ६३३ सीसीचा. ‘फोर’ म्हणजे चार नाममात्र हॉर्सपॉवर. साइडकार ओढणारी ही दणकट, निगर्वी गाडी. याउलट एरियलची ‘स्क्वेअर फोर’ खरोखरच चार सिलिंडरची, चौकोनात मांडलेली. एडवर्ड टर्नर यांची ती कल्पना १९३० साली प्रदर्शनात अवतरली. तीच ‘फोर’, पण अर्थ सर्वस्वी वेगळा. नावावर विसंबणाऱ्याने हे एक उदाहरण तरी भिंतीवर लिहून ठेवावे.

६/
नॉर्टनचीच १६-एच पाहा. महायुद्धात सैन्याला पुरवलेल्या नॉर्टनपैकी बहुतांश याच. भारतीय सैन्यातही त्या होत्या आणि युद्धानंतर डिस्पोजलच्या मालातून त्या नागरी रस्त्यांवर आल्या. यातला ‘एच’ कशाचा? ‘होम’चा. विशीच्या दशकारंभी या मॉडेलच्या दोन तऱ्हा होत्या: एक स्वदेशासाठी, म्हणजे इंग्लंडसाठी, दुसरी १७-सी, म्हणजे ‘कलोनियल’, वसाहतींच्या खडबडीत वाटांसाठी जमिनीपासून अधिक उंच ठेवलेली.

वसाहतीची गाडी यादीतून लवकरच गेली. ‘घरची’ मात्र १९५४ पर्यंत ‘एच’ मिरवीत राहिली आणि तीच वाळवंटात नि भारतात धावली. एका अक्षरात साम्राज्याचा एवढा इतिहास आहे. आपल्याकडे ते अक्षर ‘हेवी’चे आहे असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात.

७/
बीएसएच्या नामकरणाला तर व्याकरण होते, आणि ते शिकायला एक संध्याकाळ पुरते. युद्धोत्तर काळात ‘ए’ म्हणजे दोन सिलिंडरच्या गाड्या: ए-७ ही ५०० ची, ए-१० ही ६५० ची. ‘बी’ म्हणजे ३५० आणि ५०० च्या, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेल्या एक-सिलिंडरी. ‘सी’ म्हणजे २५० चे कुटुंब. ‘डी’ म्हणजे बँटम. तिचे इंजिन मूळ जर्मन डीकेडब्ल्यूचे, युद्धाच्या नुकसानभरपाईत आलेल्या आराखड्यांवरून आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे करून बनवलेले. ‘एम’ म्हणजे जड कामाच्या गाड्या.

आणि हे व्याकरण बोलते. बी-३३ ही ‘बी’ फ्रेममधली ५००. तेच इंजिन एम-२० च्या दणकट फ्रेममध्ये घातले की झाली एम-३३. अक्षर फ्रेमचे, आकडा इंजिनाचा. एकदा हे उमजले की भंगारात पडलेली गाडीही स्वतःची ओळख सांगू लागते.

८/
आता मुख्य तक्रारीकडे वळतो. जून १९३७ मध्ये वॉल हँडली यांनी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर, मद्यार्कावर चालणाऱ्या बीएसए एम्पायर स्टारवर, शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक वेगाची फेरी मारली. अशी फेरी मारणाऱ्याला क्लबकडून कोटावर लावायचा लहानसा सुवर्णतारा मिळत असे. बीएसएने ते नाव उचलले आणि १९३८ साठी एम-२४ गोल्ड स्टार बाजारात आणली. युद्धानंतर हे नाव ‘बी’ कुळात आले. झेडबी, बीबी, सीबी, डीबी अशा पिढ्या होत होत डीबीडी-३४ वर ते थांबले. १९६३ मध्ये उत्पादन संपले.

९/
गोल्ड स्टारच्या इंजिनावर ‘जीएस’ अक्षरे ठोकलेली असतात. ३२ म्हणजे ३५० सीसी, ३४ म्हणजे ५००. सिलिंडर व हेड ॲल्युमिनियमचे. मागे स्विंगआर्म आल्यानंतरच्या फ्रेमची एक खूण अभ्यासकांना पाठ असते: तळाची उजवी नळी एका जागी आत दाबलेली दिसते, ऑइल पंपाला जागा मिळावी म्हणून. ती खूण नकली करणाऱ्यालाही ठाऊक असणार, म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये.

१०/
आणि नकली कशातून होते? बी-३१ आणि बी-३३ मधून. याच कुळातल्या, लोखंडी सिलिंडरच्या, साध्या प्रवासी गाड्या. ब्रिटनमध्ये कामावर जाण्यासाठी, सुटीत बायकोला मागे बसवून समुद्रकाठी जाण्यासाठी लोकांनी त्या घेतल्या. त्यांच्यामागे ना ब्रुकलँड्सचा सुवर्णतारा, ना शर्यतींची कीर्ती. म्हणून बाजारात त्यांना भाव नाही. म्हणून त्यांच्या फ्रेमवर क्रोमची टाकी, मागे सरकवलेले पायठेवे आणि गोल लाल बिल्ला चढतो. हे आणखी काही काळ असेच चालले तर गोल्ड स्टारची संख्या कारखान्याने बनवल्या त्याहून अधिक होईल, आणि धड राहिलेली बी-३१ शोधावी लागेल.

११/
व्हिन्सेंटचे दुखणे याच जातीचे, किंमत मात्र कैक पटींनी मोठी. स्टीव्हनेजच्या या कारखान्याची १००० सीसीची रॅपिड आणि तिचीच अधिक वेगवान बहीण ब्लॅक शॅडो. बाहेरून पाहणाऱ्याला ठळक फरक दिसतो तो इंजिनाच्या काळ्या रंगाचा. काळा रंग तर कोणत्याही दुकानात मिळतो!

ठसा काय म्हणतो ते पाहा. रॅपिडच्या इंजिनावर एफ-१०-एबी/१, शॅडोवर एफ-१०-एबी/१बी, आणि शर्यतीच्या ब्लॅक लाइटनिंगवर १सी. ‘१०’ म्हणजे १००० सीसी. ५०० च्या एकेरी इंजिनावर ‘५’ असतो. शिवाय युद्धोत्तर दोन-सिलिंडरी गाड्यांत फ्रेमचा क्रमांक इंजिनाच्या क्रमांकाहून सामान्यतः १९०० ने अधिक असतो. एक वजाबाकी केली की पुष्कळ काही उघड होते. ती न करता लोक रंगाला भुलतात.

१२/
ट्रायम्फने एकाच घरात तीन भाषा चालवल्या. ५-टी म्हणजे ५०० ची स्पीड ट्विन, ६-टी म्हणजे ६५० ची थंडरबर्ड. इथे आकडा आधी आणि तो क्षमतेचा. टीआर-५, टीआर-६ म्हणजे ‘ट्रॉफी’. आकडा पुन्हा क्षमतेचा, पण अक्षरांनंतर. टायगर ७०, ८०, ९०, पुढे टायगर १००, ११० आणि टी-१२० बॉनव्हिल; इथे आकडा ताशी मैलांचा, निदान विक्री विभागाच्या कल्पनेतला.

१३/
ही तिसरी भाषा पुढे निव्वळ बढाई झाली. १९७३ च्या ७५० सीसी बॉनव्हिलला टी-१४० म्हटले. ताशी १४० मैल ती कारखान्यातून निघाली तशी कधीही धावली नाही. तीन सिलिंडरच्या ट्रायडेंटला टी-१५०, मग टी-१६०. हा हिशेब आणखी दोन दशके चालता तर विमानांशी स्पर्धा लागली असती. आकडा वेगाचा राहिला नव्हता, तो केवळ पुढचा आकडा होता. तरीही ‘१४० म्हणजे १४० मैल’ हे वाक्य आजही जाहिरातींत दिसते.

‘बॉनव्हिल’ हे नाव अमेरिकेतल्या मिठाच्या पठाराचे. तिथे १९५६ साली जॉनी ॲलन यांनी ट्रायम्फ इंजिनाच्या नळकांड्यासारख्या वाहनात ताशी २१४ मैलांचा वेग गाठला. आंतरराष्ट्रीय महासंघाने तो विक्रम मान्य केला नाही. ट्रायम्फने १९५९ च्या हंगामासाठी नाव मात्र घेतलेच. विक्री विभागाला महासंघाच्या शिक्क्याची गरज नव्हती.

१४/
टीआर-६ आणि टी-१२० यांच्यातला मुख्य भेद काय? एकीला एक कार्ब्युरेटर, दुसरीला दोन, आणि त्यानुसार सिलिंडर-हेड. हेड बदलले, टाकी रंगवली, की ट्रॉफीची बॉनव्हिल झाली. म्हणून सिलिंडरखाली डाव्या बाजूच्या क्रँककेसवरचा ठसा वाचायचा. तिथे टीआर-६ असेल तर ती टीआर-६.

साठच्या दशकाच्या अखेरीस ट्रायम्फने या जागेवर स्वतःच्या नावाची बारीक उठावदार नक्षी घातली व तिच्यावर क्रमांक ठोकला. घासून नवा क्रमांक मारला तर नक्षी जाते. शंका असेल तर भिंग घेऊन बसा. त्याच सुमारास क्रमांकाआधी दोन अक्षरेही आली. पहिले महिन्याचे, दुसरे हंगामाच्या वर्षाचे. ‘जेडी’ म्हणजे ऑगस्ट, १९७० चा हंगाम.

१५/
‘हंगाम’ शब्द मुद्दाम वापरला. ब्रिटिश कारखान्यांचे नवे वर्ष उन्हाळा संपता संपता उजाडत असे. नव्या गाड्या शरद ऋतूतल्या प्रदर्शनात मांडल्या जात. म्हणून १९३८ च्या हंगामाची स्पीड ट्विन १९३७ मध्येच जाहीर झालेली असते. कागदावरचे साल आणि मॉडेलचे साल यांत एकाचा फरक दिसला की लगेच ‘कागद खोटे’ म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे.

१६/
बिल्ला किती पोकळ असू शकतो याचा नमुना पाहायचा असेल तर प्लमस्टेडला चला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्टीव्हन्स बंधूंची एजेएस १९३१ मध्ये लंडनच्या मॅचलेसने विकत घेतली. युद्धानंतर एकाच छताखाली एकच गाडी दोन नावांनी बनू लागली. एजेएसची १६ म्हणजे मॅचलेसची जी-३. १८ म्हणजे जी-८०. पन्नाशीच्या आरंभापर्यंत फरक शोधायचा तर मॅग्नेटो पाहायचा: एजेएसवर तो सिलिंडरच्या पुढे, मॅचलेसवर मागे. १९५२ पासून तोही फरक मिटला. दोन्ही नावांचे अभिमानी मात्र एकमेकांना आयुष्यभर नावे ठेवीत राहिले.

१७/
आता ‘मॅचिंग नंबर’ या मंत्राविषयी. इंजिन आणि फ्रेम यांचे क्रमांक एकच असले की गाडी अस्सल, असे अनेक जाणकारही सांगतात. ट्रायम्फच्या बाबतीत ते बरोबर आहे. व्हिन्सेंटच्या बाबतीत १९०० चा फरक हवा. आणि पन्नाशीच्या दशकातल्या बीएसएच्या बाबतीत? तिथे इंजिनाची क्रमांकमाला वेगळी, फ्रेमची वेगळी. कारखान्यातूनच ते जुळत नसत. अशा बी-३१ वर दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळताना दिसले, तर आनंद मानू नका. कोणीतरी हातोडा आणि ठसे घेऊन बसला होता, असा संशय घ्या.

म्हणजे ग्राहकांनी एकच नियम सर्व घराण्यांना लावला आणि नकली करणाऱ्यांनी तो मुकाट पाळला. खोटेपणा वाढवण्यात अर्धवट माहितीचा वाटा अडाणीपणाहून मोठा आहे, असे माझे मत आहे.

१८/
यावर नेहमीचा आक्षेप: ‘गाडी माझी, पैसा माझा, मी तिला गोल्ड स्टार करीन नाहीतर विमान करीन, तुमचे काय जाते?’ आक्षेप पोकळ नाही. गाड्या जोडून नवी गाडी करणे ही ब्रिटिश मोटारसायकलींची जुनी, सन्मान्य परंपरा आहे. ट्रायटनच घ्या. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम, बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची निर्मिती, आणि तिच्यात ट्रायम्फचे इंजिन. मोटारींच्या ५०० सीसी शर्यतींसाठी लोकांना मँक्स नॉर्टनचे इंजिन हवे असे. ते सुटे मिळत नसल्याने अख्खी गाडी विकत घेतली जाई आणि उत्तम फ्रेम पोरकी उरे. तिचा सदुपयोग झाला.

पण ट्रायटन स्वतःला ट्रायटन म्हणते. दोन्ही आईबापांची नावे ती स्वतःच्या नावात बाळगते. माझा विरोध बदलाला नाही. ठसा घासण्याला आहे.

१९/
आपल्या मातीतले उदाहरण दिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. रॉयल एनफिल्ड बुलेट इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ पासून ती मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये मिटला. भारतातली बुलेट चालू राहिली, आणि १९७७ पासून ती ब्रिटनलाच निर्यात होऊ लागली. आराखडा दशकानुदशके जवळजवळ तोच राहिल्याने सुटे भाग एकमेकींना बसतात. म्हणूनच मद्रासच्या गाडीला जुना बिल्ला लावून ‘ओरिजिनल रेडिच’ म्हणून विकणे सोपे जाते.

यातले नुकसान फक्त खरेदीदाराचे नाही. जी गाडी आपल्या कामगारांनी घडवली, जिने सीमेवर लष्कराचे आणि गावोगाव पोलिसांचे काम केले, तिचे जन्मस्थान पुसून तिला इंग्रज ठरवण्यात कसला अभिमान? तिरुवोट्टियूरचा ठसा हा इतिहास आहे. तो लपवावा असे वाटणे हाच १७-सी चा उरलेला अवशेष म्हणावा.

२०/
पडताळणी अवघड नाही. ट्रायम्फ आणि बीएसए यांची कारखान्यातली रवानगीपुस्तके वर उल्लेखलेल्या क्लबच्या ग्रंथालयात आहेत. व्हिन्सेंटच्या नोंदी तिच्या मालकांच्या क्लबने जपल्या आहेत. क्रमांक कळवला, शुल्क भरले, की गाडी कोणत्या रूपात कधी बाहेर पडली हे कळू शकते. आपल्याकडे आरटीओच्या कामासाठी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेतात. तोच छाप सौदा करण्यापूर्वी घ्या. अक्षरांची उंची असमान, ओळ वाकडी, भोवतालचा धातू खोलगट असेल तर तो कागदावर लगेच दिसतो.

आणि ‘व्हीए’ नोंदणीसाठी मूळ रूप ही अट आहे, हे विसरू नका. आज बिल्ला बदलून चार पैसे वाचवणारा उद्या त्या अर्जावर काय लिहिणार?

२१/
जुन्या गाड्यांचे मेळावे भरवणाऱ्यांना एक सूचना. गाडीपुढच्या फलकावर सध्या मोठ्या अक्षरांत नाव असते, खाली मालकाचे नाव आणि साल. त्याऐवजी पहिल्या ओळीत इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा ठसा जसाच्या तसा लिहावा. दुसऱ्या ओळीत, त्या ठशानुसार ती कारखान्यातून काय म्हणून निघाली ते. तिसऱ्या ओळीत आज ती काय आहे: ‘बी-३३, गोल्ड स्टारच्या धर्तीवर बांधलेली’. ज्याला ही तिसरी ओळ लिहायला संकोच वाटेल, त्याची गाडी परीक्षणात घेऊ नये. आणि ज्याच्याकडे लोखंडी सिलिंडरची, मूळ रंगाची, कोणी हात न लावलेली बी-३१ असेल, तिला प्रवेशद्वारापाशी उभी करावी.

(धागा समाप्त)